नावातच सगळं आहे

"कॅन्सर हा आजार नाहीच, ती व्हिटॅमिन बी-१७ ची कमतरता आहे. रोज जर्दाळूच्या बिया खा." हा मेसेज अधूनमधून येतोच. पाठवणारी माणसं मायेचीच असतात. म्हणूनच जरा रोखठोक लिहितो. काका, आत्या, राग मानू नका!

बी-१७ नावाचं व्हिटॅमिन अस्तित्वातच नाही. व्हिटॅमिन म्हणजे शरीराला थोडंसंच, पण लागतंच असं काहीतरी. 'सी' मिळालं नाही की स्कर्व्ही होतो, मिळालं की जातो. जर्दाळूच्या बीतलं अमिग्डालिन जन्मात पोटात गेलं नाही तरी कुणाचं काही अडत नाही. गेलं तर मात्र त्यातून सायनाइड सुटतं.

मग हे नाव आलं कुठून? १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्न्स्ट क्रेब्ज ज्युनिअर (हे डॉक्टर नव्हते) यांनी अमिग्डालिनपासून बनवलेलं 'लेट्राइल' पुढे आणलं. तेव्हा ते औषध होतं. पण औषध म्हटलं की पुरावा मागतात. मग १९७० च्या दशकात त्याचं बारसं झालं, व्हिटॅमिन! व्हिटॅमिनला कोण पुरावा मागतो?

"औषध कंपन्यांनी दडपलं हो!" कंपन्या काही संत नाहीत, मान्य. पण तिथल्या सरकारी नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या पुढाकारानं १७८ रुग्णांवर याची चाचणी झाली. सोबत समर्थक सांगतात तसं पथ्य, एन्झाइम, व्हिटॅमिनंही दिली. १९८२ साली निष्कर्ष छापून आले : रोग बरा झाला नाही, थांबला नाही, आयुष्यही वाढलं नाही. काहींच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याच्या पातळीपर्यंत पोचलं.

मला सगळ्यात चीड येते ती 'कमतरता' या शब्दाची. त्यातून रोग्याला सांगितलं जातं, की बाबा, तूच नीट खाल्लं नाहीस. आधीच खचलेल्या माणसाच्या माथी आणखी हे कशाला?

"करून बघायला काय हरकत आहे?" हरकत आहे. आज ऑपरेशननं निघू शकणारी गाठ चार महिने बिया चघळण्यात घालवल्यावर तेवढीच राहील याची हमी कुणी देत नाही. गेलेले चार महिने परत आणून देणारं व्हिटॅमिन अजून निघालेलं नाही.

आजारी माणसाला भेटायला जाताना जर्दाळू खुशाल न्या. बिया तेवढ्या फेकून द्या, आणि तो मेसेजही.