साखरेच्या डब्यामागचे गणित

आमच्या घरी फराळाचा बेत वसुबारसेच्या आठ दिवस आधी ठरतो. चिवडा आधी, कारण तो टिकतो. ओल्या नारळाच्या करंज्या अगदी शेवटी, कारण त्या टिकत नाहीत. शेगड्या दोन, हात चार. (त्यांतले दोन माझे, सौ. ते हिशेबात धरीत नाही.) परवा साखरेचा डबा पुढे ओढीत ती म्हणाली, "क्रम चुकला की सगळा पसारा होतो!"

मला एकदम वसमत आठवले. वसमत हिंगोली जिल्ह्यातले. हा जिल्हा 1999 साली परभणीतून वेगळा झाला. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांनी अडवलेले पूर्णेचे पाणी या भागात खेळते, ऊस होतो, आणि नदीचेच नाव घेतलेला पूर्णा सहकारी साखर कारखाना येथे आहे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो; पण त्याची तयारी वर्ष-दीड वर्ष आधीपासून चाललेली असते.

कशी, ते पाहा. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. शिवाय खोडवा निराळाच. प्रत्येकाची पिकण्याची वेळ वेगळी. शेतकी खात्याची माणसे लागवडीच्या तारखा नोंदवतात आणि त्यावरून तोडीचा क्रम लावतात. रोज 2,500 टन गाळणारा कारखाना धरा. ऊस कमी आला, तर यंत्रे अडतात. जास्त आला, तर गाड्यांची रांग लागते. आणि तोडलेला ऊस म्हणजे काही धान्याचे पोते नव्हे! तोडल्यापासून त्याचे वजन घटते, आतली साखर मोडू लागते. एका दिवसाच्या आत गाळलेला बरा. म्हणून कोणत्या गावी किती कोयते, कोणत्या रस्त्याला किती गाड्या, हे आधीच ठरवावे लागते.

हे गणित बिघडले म्हणजे काय होते, ते 2022 साली मराठवाड्याने पाहिले. पाणी भरपूर, लागवड वाढलेली, गाळपाची ताकद मात्र अपुरी. हंगाम जूनपर्यंत लांबला. माझा एक मावसभाऊ शेजारच्या जिल्ह्यात शेती करतो. मे महिना आला, तरी त्याचा ऊस उभाच. तुरे येऊन गेलेले, कांडी आतून पोकळ. तोडीची चौकशी करायला तो रोज जाई, उत्तर एकच, "दोन दिवसांत." सरकारने 1 मेनंतर गाळलेल्या उसाला टनामागे 200 रुपये जाहीर केले, पण वाळून गेलेले वजन थोडेच परत येते? तो मला म्हणाला, "दादा, ऊस पिकवायला नाही चुकलो, रांगेत नंबर नाही लागला." त्या वर्षी मुलीच्या कॉलेजची फी त्याने उसनवारीने भरली.

आणखी एक हात हिशेबात धरायला हवा. बीडकडून कोयता घेऊन आलेल्या जोडप्यांचे दिवस फडाजवळच्या कोपीत जातात. हंगाम दोन महिने लांबला, की त्यांचे घरही दोन महिने लांब जाते.

मी हे सगळे सौ.ला सांगितले. तिने डब्यातून साखर मोजून घेतली, सांडलेले चार दाणे बोटाने टिपले आणि म्हणाली, "अनारसे उद्या. आज शेगडी मोकळी नाही."