यंत्रमानव आला, संकोच कधी जाणार?

मोठ्या शहरांतील रुग्णालयांच्या फलकांवर अलीकडे ‘रोबोटिक सर्जरी’ ही अक्षरे ठळकपणे झळकू लागली आहेत. वाढलेल्या पौरुषग्रंथीवर, म्हणजे प्रोस्टेटवर, यंत्रमानवाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया होते, हे वाचून ज्येष्ठांच्या मनात आशा आणि धास्ती एकाच वेळी जागी होते. या विषयाचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत; त्यांतील ‘वाताष्ठीले’ची लक्षणे या ग्रंथीच्या वाढीशी जुळतात, असे अनेक अभ्यासक मानतात. साठीच्या सुमारास जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. ती कर्करोग नव्हे. परंतु ग्रंथीच्या मधून जाणारा मूत्रमार्ग आवळला जातो. लघवीची धार मंदावते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. दुर्लक्ष झाल्यास एखाद्या रात्री लघवी पूर्ण तुंबते आणि दीर्घकाळ साचलेल्या मूत्राचा ताण मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो.

भारतात वैद्यकीय सेवा बजावून निवृत्त झालेले पीटर फ्रेयर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये पोट व मूत्राशय उघडून ही ग्रंथी काढण्याची पद्धत रूढ केली. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता ती काढण्याचा मार्ग दाखविला. पुढे मूत्रमार्गातूनच केली जाणारी, पोटावर छेद न घेणारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सर्वत्र स्थिरावली. यंत्रमानव ही याच मालिकेतील पुढची पायरी होय.

हा यंत्रमानव स्वतःच्या बुद्धीने काहीही करीत नाही. शल्यविशारद काही अंतरावर बसून त्रिमितीय, कित्येक पट मोठे केलेले दृश्य पाहतो आणि यंत्राचे हात त्याच्याच बोटांचे अनुकरण करतात. सर्वसाधारण ग्रंथी सुमारे २० ग्रॅमची असते. ती ८० ग्रॅमच्या पलीकडे गेली, किंवा मूत्राशयात मोठे खडेही झाले, तर यंत्राचा खरा उपयोग होतो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर घरी जातो. मात्र मोठ्या ग्रंथीवर होल्मियम लेसरचाही पर्याय आहे आणि त्यात पोटावर एकही छेद नसतो. अनेकांना तर गोळ्यांनीच आराम पडतो. मग प्रत्येकाला यंत्रमानव कशासाठी? ग्रंथी केवढी आहे, औषधांनी भागेल काय, दुर्बीण वा लेसर का नको आणि शस्त्रक्रियेनंतर वैवाहिक जीवनावर काय परिणाम होईल, हे प्रश्न रुग्णाने निःसंकोच विचारलेच पाहिजेत.

अमेरिकेच्या ‘दा विंची’ यंत्राला तेथील शासनाची मान्यता मिळाली ती २००० मध्ये. आता गुरुग्रामच्या कंपनीने घडविलेले ‘एसएसआय मंत्र’ हे भारतीय यंत्रही शस्त्रक्रियागृहांत आले आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला आयुष्मान भारत योजनेची दारे उघडली गेली. तथापि जिल्ह्याच्या ठिकाणी मूत्रविकारतज्ज्ञ आणि साधी दुर्बीण उपलब्ध नसेल, तर महानगरातील यंत्रमानव खेड्यातील वृद्धाच्या काय कामाचा?

आणि त्याहून मोठा अडसर घरातच आहे. आपल्याकडे वडील सुनेसमोर हे दुखणे बोलत नाहीत, मुलालाही सांगत नाहीत. प्रवास टाळतात, लग्नकार्याला जात नाहीत, संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडतात. ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून सारे गप्प बसतात. वडील रात्री वारंवार उठत असतील, तर मुलाने शेजारी बसून आपणहून विचारावे आणि त्यांना तज्ज्ञाकडे न्यावे. उपचार यंत्राने करावयाचे की गोळीने, हे त्यानंतर ठरेल. पितृसेवेचा हा भाग कोणताही यंत्रमानव पार पाडू शकणार नाही.