तेरेखोलचा इतिहास १७४६ला संपत नाही

केरीहून तरीने तेरेखोल नदी ओलांडली की उत्तर तीरावरच्या टेकडीवर एक लहानसा किल्ला दिसतो. नदीपलीकडे एवढाच तुकडा गोव्याचा. त्याच्याभोवती सारा सिंधुदुर्ग. सीमारेषेला हे वळण पडले ते या किल्ल्यामुळेच.

सतराव्या शतकात वाडीकर सावंतांनी नदीमुखावर नजर ठेवण्यासाठी तो बांधला आणि १७४६ साली पोर्तुगीजांनी तो घेतला. आमच्या मंडळींचे लेख येथवर येतात, ‘आपला किल्ला गेला’ असा उसासा टाकतात आणि थांबतात. या थांबण्यालाच आमचा आक्षेप आहे.

१८३५ साली बेर्नार्द पेरेस द सिल्व्ह हे गोव्याचे प्रिफेक्ट झाले. पोर्तुगीज राजवटीत त्या सर्वोच्च पदावर नेमलेले ते पहिले गोमंतकीय. गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना हे सोसले नाही. अवघ्या काही दिवसांत त्यांनी बंड करून त्यांना पदच्युत केले. पेरेस यांचा पक्ष घेणाऱ्या तेरेखोलच्या शिबंदीची पुढे कत्तल झाली. प्रवासी पुस्तिका या घटनेचे साल १८२५ छापतात आणि आमचे लेखक तेच उतरवून घेतात. तेव्हा प्रिफेक्ट हे पदच गोव्यात नव्हते, एवढा विचारही कोणी करत नाही. ज्यांच्या बलिदानाचे साल तपासावेसे आम्हांला वाटत नाही, त्यांच्याविषयीची आमची आस्था ती किती!

पुढे १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्स यांच्या तुकडीने निःशस्त्र या किल्ल्यात शिरून तिरंगा फडकवला आणि त्यापायी कैद पत्करली. ज्या तटावरून परकी सत्ता नदीचा उतार राखत होती, तोच तट सत्याग्रहींनी काही काळ आपलासा केला.

मराठी नियतकालिकाने मराठ्यांचाच इतिहास सांगावा, असे कोणी म्हणेल. मग आम्ही विचारतो, पेरेस आणि आफोन्स ही आडनावे ख्रिस्ती आहेत म्हणूनच ना ती आमच्या लेखांत परकी ठरतात? परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहून ‘आम्ही इथलेच’ असे सांगणाऱ्या आपल्या घराण्यांना तरी हा न्याय शोभत नाही. किल्ला कोणी बांधला याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याच्यासाठी कोणी प्राण दिले, कोणी तुरुंग भोगला, हे न सांगता लिहिलेला इतिहास म्हणजे केवळ मालमत्तेचा उतारा होय.