पाऊस दोन्ही बाजूंना पडतो

१/ जून महिना सरत आला की समाजमाध्यमांवर एक वाक्य हमखास उगवते : प्लासीला ऐन दुपारी पाऊस आला, नबाबाची दारू भिजली आणि हिंदुस्थान पारतंत्र्यात गेला. वाक्य चटकदार आहे, पाठ करायला सोपे आहे आणि इतिहास म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे.

२/ आधी घटना पाहू. २३ जून १७५७. दुपारच्या सुमारास पावसाची जोरदार सर आली. इंग्रजांनी आपला दारूगोळा ताडपत्र्यांखाली झाकला. नबाबाच्या बहुतेक तोफांपाशी ही तजवीज नव्हती. इंग्रजांचीही दारू भिजली असणार, असे समजून मीर मदन चाल करून गेला आणि कोरड्या दारूने भरलेल्या तोफांपुढे पडला.

३/ म्हणजे पाऊस दोन्ही बाजूंना पडला. भिजली ती एकाच बाजूची दारू. जी गोष्ट उभय पक्षांना सारखीच लागू होते, ती एकाच पक्षाच्या पराभवाचे कारण कशी ठरेल? कारण शोधायचे तर ते दोहोंतील फरकात शोधावे लागते. इथे तो फरक ताडपत्रीचा, म्हणजेच साठवणीच्या शिस्तीचा आहे.

४/ यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, मीर जाफरची फितुरी नसती तर केवळ भिजलेल्या दारूने निकाल लागला नसता. मान्य. दुसरा असा की, क्लाइव्हची फौज सुमारे तीन हजारांची होती. लहान फौजेचा दारूगोळा झाकणे सोपे. हेही मान्य. परंतु दोन्ही आक्षेप ‘पावसाने घात केला’ या सिद्धान्ताला बळ देत नाहीत; उलट तो आणखी पातळ करतात.

५/ आता आपल्या मुलखात येऊ. १६६० चा पावसाळा, चाकणचा संग्रामदुर्ग. आत फिरंगोजी नरसाळा, बाहेर शायिस्ताखान. सतत पडणाऱ्या पावसाने मोगलांच्या बंदुकांची दारू निकामी होत होती, असे खाफीखानासारखा मोगल पक्षाचा इतिहासकारच नोंदवतो. तरीही सुमारे दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर ऑगस्टमध्ये किल्ला पडला. कशाने? सुरुंगाने.

६/ इथे क्षणभर थांबून विचार करावा. मोगलांनी भुयार खणले, बुरुजाच्या तळाशी दारू भरली आणि बुरूज उडवला. ओल्या दारूने बुरूज उडत नाही. अर्थात त्याच छावणीत, त्याच पावसात, जी दारू कोरडी राखणे अत्यावश्यक होते ती कोरडी राखली गेली. पाऊस ही अडचण होती. ती अपरिहार्य नियती नव्हती.

७/ मग दारू नेमकी बिघडते कशी? तोफेची काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. साधारण ७५, १० आणि १५ या प्रमाणात. हे तिन्ही पदार्थ आपापल्या जागी स्थिर आहेत. कोरडी राहिली तर ही दारू पिढ्यान् पिढ्या टिकते. तिला स्वतःची अशी मुदत नाही. तिची मुदत कोठाराच्या भिंती आणि कोठारावरची माणसे ठरवतात.

८/ ओलावा शिरला की बिघाड सुरू होतो. सोरा पाण्यात विरघळतो. कोळसा सच्छिद्र असल्याने दमट हवेतील ओल धरतो. पुढे दारू वाळते तेव्हा विरघळलेला सोरा पूर्वीच्या जागी परतत नाही. त्याचे स्वतंत्र स्फटिक बनतात. तिन्ही घटकांचा निकटचा संयोग मोडतो. दारू दिसायला कोरडी असते, पण तिच्यातला जोर गेलेला असतो.

९/ त्यातही सोरा अशुद्ध असेल तर दुखणे वाढते. जमिनीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात मीठ व इतर क्षार मिसळलेले असतात आणि ते हवेतील ओल ओढून घेतात. म्हणून सोरा पुनःपुन्हा विरघळवून, आटवून शुद्ध करावा लागे. ‘दारू पावसात बिघडली’ असे आपण म्हणतो तेव्हा ती कधीकधी कारखान्यातच अर्धी बिघडलेली असते.

१०/ हे सारे जुन्या माणसांना रसायनशास्त्राच्या परिभाषेत ठाऊक नव्हते. व्यवहारात मात्र पक्के ठाऊक होते. पुरावा हवा असल्यास रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र उघडावे. काळ १७१५ च्या सुमाराचा. दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी जे नियम आहेत, ते एखाद्या अनुभवी कोठीवाल्याने सांगावेत इतके काटेकोर आहेत.

११/ त्यांचा आशय असा : दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा. भोवती झाडांचे कुसू घालावे. आत तळघर करून त्यात माच घालावा आणि दारूची मडकी माचावर ठेवावीत, जमिनीवर नव्हे. ओल लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढवावेत, ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. रात्रंदिवस पहारा असावा; परवानगीवाचून कोणी जवळ फिरकू नये.

१२/ यातील ‘आठ-पंधरा दिवसांनी’ हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. वर पाहिले की एकदा सोरा विरघळून हलला की नुसते वाळवून उपयोग नसतो. म्हणून ओल मुरण्यापूर्वीच ऊन द्यायचे. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रे पुजताना आठवण झाली, असे चालणार नाही. मुद्रा करण्यामागेही हिशेब आहे : मधल्या काळात कोणी हात घातला तर ते उघडकीस यावे.

१३/ आणि हाच परिच्छेद आपण गाळतो. आज्ञापत्रातील झाडे तोडण्यासंबंधीची ताकीद आपण चित्रांवर छापतो, आरमाराचा भाग भाषणांत सांगतो. दारूखान्याचा भाग मात्र कोणाच्या भिंतीवर दिसत नाही, कारण त्यात वीरश्री नाही. त्यात मडकी आहेत, माच आहे, ऊन आहे आणि एक कंटाळवाणे, अखंड काम आहे. राज्य मात्र अशाच कामांवर उभे असते.

१४/ दुसऱ्या टोकाच्या मित्रांनाही एक विनंती. यावरून ‘युरोपच्या आधी आम्हाला सारे ठाऊक होते’ असा डंका पिटू नका. तिकडे दारूच्या पिंपांना लोखंडाऐवजी तांब्याचे कडे घालत, कारण लोखंडाची ठिणगी उडते. पिंपे वेळोवेळी उलटीसुलटी करत. चुकाही दोन्हीकडे झाल्या. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट शहरात भरवस्तीतले दारूकोठार उडाले. शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला आणि कारेल फाब्रिट्सियस हा चित्रकार त्यात मरण पावला.

१५/ आपल्याकडे जून १८१८ मधील मालेगावचा वेढा आठवा. आतल्या अरब शिबंदीने इंग्रजांना कडवी झुंज दिली होती. तोफगोळ्यांच्या माऱ्यात किल्ल्यातील दारूची दोन कोठारे उडाली, तटाचा भाग ढासळला आणि थोड्याच दिवसांत किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. शौर्य कमी पडले नव्हते. घरचीच दारू तटावर उलटली होती.

१६/ पुढे रायफल आली तरी प्रश्न तोच राहिला. १८५७ मध्ये ज्या एनफिल्ड काडतुसांवरून वणवा पेटला, त्यांच्या कागदाला चरबीयुक्त वंगण का लावत? गोळी नळीतून सुकर जावी म्हणून आणि आतील दारूला ओल लागू नये म्हणून. दारू कोरडी राखण्याची एक तांत्रिक सोय धर्मभावनेशी टक्कर घेऊन राजकीय भूकंपाला निमित्त ठरली. आणि तरीही हा विषय क्षुल्लक म्हणायचा?

१७/ १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि जुने शहाणपण एका रात्रीत अपुरे पडले. ही दारू नायट्रोसेल्युलोजची. ती कोरड्या जागीही आपोआप, संथपणे विघटन पावते. उष्णतेने तो वेग वाढतो. काळी दारू जुनी झाली की बहुधा मंदावते. ही जुनी झाली की स्वतःहून पेट घेऊ शकते.

१८/ फ्रान्सने याची किंमत तुलाँ बंदरात मोजली. १२ मार्च १९०७ रोजी ‘इएना’ आणि २५ सप्टेंबर १९११ रोजी ‘लिबेर्ते’ या युद्धनौका शत्रूचा एकही गोळा न लागता उडाल्या. शेकडो माणसे गेली. दोन्ही वेळा संशयाचे बोट साठवलेल्या, बिघडलेल्या दारूकडे वळले. पुढे अशा दारूत डायफेनिलअमाइनसारखी स्थिरकारके घालणे आणि साठ्याची ठरावीक काळाने परीक्षा घेणे सर्वत्र नियमाचे झाले. आठ-पंधरा दिवसांच्या त्या आज्ञेचाच हा नवा अवतार.

१९/ हा केवळ पुस्तकी वाद नाही. ‘जुनी दारू म्हणजे मेलेली दारू’ हा समज आजही जीव घेऊ शकतो. जुन्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या काळची काडतुसे सापडली, किंवा भटकंतीत एखादा जुना गोळा दिसला, तर तो घासूनपुसून छायाचित्र काढण्याची वस्तू नव्हे. हात न लावता पोलिसांना कळवा. आणि गडावरच्या पडक्या दारूखान्यात चूल मांडणाऱ्यांनो, ज्या वास्तूजवळ परवानगीवाचून माणूस फिरकत नसे, तिथे निदान जाळ तरी करू नका.

२०/ आता मूळ मुद्दा. ‘पाऊस आला म्हणून हरलो’ या वाक्यात कोणावरच जबाबदारी राहत नाही; न सेनापतीवर, न कोठीवर, न कारखानिसावर. पराभव आभाळातून पडतो आणि आपण हळहळून मोकळे होतो. विजयाच्या वेळी मात्र आपल्याला माणसांची नावे हवी असतात. हा दुटप्पीपणा इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही.

२१/ तेव्हा पुढल्या वेळी कोणी भिजलेल्या दारूची कथा सांगू लागला, तर त्याला आदरपूर्वक तीन प्रश्न विचारा. दारू कुठे ठेवली होती? तिला ऊन देण्याचे काम कोणाचे होते? आणि पलीकडच्या बाजूची दारू कोरडी कशी राहिली? उत्तरे मिळाली तर इतिहास सुरू होईल. न मिळाली तर ती हवामानाची वार्ता समजावी. लेखनसीमा.