साठच्या स्पीडचं खेळणं

गेल्या महिन्याभरात हापिसातल्या तिसऱ्या माणसाने मला तोच प्रश्न विचारला. जेवणाची सुट्टी, एका हातात डबा, दुसऱ्यात मोबाइल, मोबाइलवर रिमोटच्या गाडीचं पान उघडलेलं. "अरे, ही घेऊ का? साठचा स्पीड आहे म्हणे!" तिघांनीही किंमत नंतर सांगितली, स्पीड आधी. गाडी चालवणार कुठे, हे तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. मी विचारल्यावर तिघांचं उत्तर एकच: "असंच रे, बिल्डिंगखाली. रस्त्यावर."

मंडळी, आज याच "असंच रे, बिल्डिंगखाली"बद्दल भांडायचं आहे.

आधी माझं पाप सांगून टाकतो, म्हणजे पुढे उपदेश करायला मोकळा. दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा स्पीड बघूनच पहिली गाडी घेतली. ब्रशलेस मोटर, फोर-व्हील ड्राइव्ह, दीड किलो वजन, रंग भडक निळा. एका रविवारी सकाळी आमच्या खारघरच्या सोसायटीच्या गेटबाहेर ती पळवत होतो. दोन गतिरोधकांच्या मधला रस्ता माझ्या पावलांनी साधारण साठ मीटर. पहिल्या गतिरोधकाच्या आधी वेग कमी करायचा असतो हे मला माहीत होतं, फक्त बोटाला माहीत नव्हतं. गाडी उडाली, एका चाकावर पडली, डावीकडे वळली आणि गेटमधून बाहेर येणाऱ्या वॉचमन काकांच्या नडगीवर जाऊन आदळली. चार टाके. काका ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर फक्त म्हणाले, "साहेब, खेळणंच हाय ना ह्ये?"

त्या रात्री झोप येईना म्हणून कागद घेऊन बसलो. (इंजिनीअर माणूस पश्चात्तापसुद्धा आकडेमोड करूनच करतो.) दीड किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा होते सुमारे १४५ जूल. क्रिकेटचा १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १४० किलोमीटरने टाकला तर होते १२१ जूल. म्हणजे मी फास्ट बोलरच्या चेंडूपेक्षा जड प्रकरण, पॅड न घातलेल्या माणसांच्या नडगीच्या उंचीवर, रविवारी सकाळी, हौस म्हणून सोडत होतो. हीच गाडी ताशी २० किलोमीटरने गेली असती तर आकडा येतो २३ जूल. वेग अडीचपट, मार सव्वासहापट. हे सूत्र आपण सगळ्यांनी अकरावीत पाठ केलेलं आहे. पण शॉपिंगच्या पानावर गेलं की अकरावी कुठे जाते कोण जाणे!

आणि नुसता मार कशाला, नजर बघा. माणसाला काहीतरी दिसून बोट हलायला अर्धा सेकंद धरा. पन्नासच्या वेगाने गाडी तेवढ्यात सात मीटर गेलेली असते, विसाच्या वेगाने पावणेतीन. सात मीटर म्हणजे आमच्या सेक्टरच्या आतल्या रस्त्याची जवळपास सगळी रुंदी. शिवाय ३० सेंटिमीटर लांबीची गाडी ५० मीटरवर गेली की तिचं तोंड तुमच्याकडे आहे की पाठ, हे नीट कळत नाही. तोंड तुमच्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं. नवशिका तिथेच चुकतो. मी चुकलो, तुम्हीही चुकाल. प्रश्न एवढाच, की चुकाल तेव्हा समोर काय असेल. मोकळं ग्राउंड असेल तर काही नाही. नवी मुंबईच्या सेक्टरातल्या रस्त्यावर सायकल शिकणारी पोरगी असेल, फेरफटक्याला निघालेले आजोबा असतील, भाजीची गाडी असेल.

"मग ग्राउंडवरच जा ना" असं काही शहाणे म्हणतील. जातो, दाखवा. घणसोलीत सिडकोने क्रीडासंकुलासाठी ठेवलेला सुमारे २० एकरांचा भूखंड होता. २०२१ साली सरकारने ठरवलं की संकुल रायगड जिल्ह्यात, थेट माणगाव तालुक्यात न्यायचं. नवी मुंबईच्या पोराने खेळायला शंभराहून जास्त किलोमीटर जायचं! तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला, तोही लोक कोर्टात गेले म्हणून. आणि जी ग्राउंडं आहेत तिथे रविवारी एकाच वेळी क्रिकेटच्या सहा मॅच चालू असतात. तिथे माझी गाडी सोडली तर फास्ट बोलरची उपमा उलटी लागू पडेल. तेव्हा रस्त्यावर चालवणार हे मान्यच करू. मग गाडी रस्त्याची घ्या, शर्यतीच्या ट्रॅकची नको.

रस्त्याची म्हणजे कशी? आपले रस्ते आठवा. सोसायटीच्या आत पेव्हर ब्लॉक, दोन ब्लॉकांच्या मध्ये फटी. बाहेर डांबर नाहीतर काँक्रीट, त्यावर खडी, झाडांची पानं आणि ते पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे गतिरोधक. तळहातावर मावणाऱ्या चिमुकल्या गाड्या दिवाणखान्यातल्या लादीवर झकास, पेव्हर ब्लॉकवर मात्र त्या फटीत बसून राहतात. एकास दहा मापाची, खऱ्या मोटारीसारखी दिसणारी, जमिनीला चिकटून जाणारी गाडी फोटोत फार देखणी दिसते. तिच्या पोटाखाली बोटभर जागा नसते. पहिल्याच गतिरोधकावर ती पोटावर बसते आणि चारी चाकं हवेत फिरवत तुमची वाट बघते. आपल्याकडे चालते ती बग्गी किंवा ट्रकच्या बांध्याची गाडी. पोटाखाली जागा, लांब प्रवासाचं सस्पेन्शन, रबरी टायर, माप साधारण एकास बारा ते एकास सोळा. दिसायला थोडी बेडकासारखी असते, पण बेडूक खड्ड्यातून बाहेर येतो.

आता मोटर. इथे हापिसातला आमचा तज्ज्ञ (प्रत्येक हापिसात एक असतोच, आधी तो मोबाइलच्या रॅमबद्दल बोलायचा) म्हणतो, "घ्यायचीच तर एकदाच ब्रशलेस घे, नंतर अपग्रेडची कटकट नको. स्पीड रिमोटवरून कमी करता येतो." त्याचं म्हणणं खोटं नाही. बऱ्याच रिमोटवर वेगाची मर्यादा ठेवायची सोय असते आणि ती पन्नास टक्क्यांवर ठेवली तर ब्रशलेस गाडीही शहाण्यासारखी चालते. पण मला असा एक माणूस दाखवा, ज्याने तिसऱ्या रविवारीसुद्धा ती पन्नास टक्क्यांवर ठेवली. मी ठेवली नव्हती. बघायला दोन मित्र आले की अंगठा आपोआप त्या चक्रीकडे जातो. म्हणून माझं मत: पहिल्या गाडीत जास्तीचा वेग नसलेलाच बरा. साधी ब्रशवाली मोटर, ताशी वीस-पंचवीस किलोमीटर. तेवढ्यातही छाती धडधडते, कारण गाडी गुडघ्याच्या खाली असते आणि खालून सगळंच वेगाने जाताना दिसतं.

हे माझं एकट्याचं खूळ नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओ-कंट्रोल मोटार काढली. त्यासाठी शुन्साकू तामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी करून बघितली होती, एवढं वेड! (२०२५ च्या जुलैत ते वारले. वय ९०.) याच कंपनीने १९८४ साली नवशिक्यांसाठी ग्रासहॉपर नावाची बग्गी काढली, तेव्हा त्यात मुद्दाम छोटी ३८० मापाची मोटर घातली. त्याच काळातल्या थोरल्या भावाला, हॉर्नेटला, मोठी ५४० दिली. ज्यांना पोर्शे सुटी करता येत होती, त्यांना नवशिक्याला जास्त पॉवर देता आली नसती का? दिली नाही, एवढंच सांगतो.

पण मोटर, माप, वेग या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही. ती म्हणजे सुटे भाग.

गाडी मोडणार. आज नाही तर उद्या. नऊशे रुपयांच्या खेळण्यात सगळं एका सर्किटवर डकवलेलं असतं. स्टिअरिंग एकतर पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे, मधलं काही नाही. मोडलं की कचऱ्यात. त्याच्या वरच्या वर्गात सर्वो, मोटर, वेग सांभाळणारा कंट्रोलर आणि रिसीव्हर हे सगळे वेगवेगळे असतात, तुम्ही चक्री जेवढी फिरवाल तेवढंच चाक वळतं, आणि जे गेलं तेवढंच बदलता येतं. मधे एक फसवी जात आहे. दिसायला वरच्या वर्गाची, पण रिसीव्हर आणि कंट्रोलर एकाच डबीत, आणि सर्वोला नेहमीच्या तीन वायरींऐवजी पाच. तो सर्वो गेला की बाजारातला साधा सर्वो तिथे बसत नाही, त्याच कंपनीचा शोधत फिरा. वायरी मोजा राव! फोटो मोठा करून मोजा, पण मोजा.

आणि "बाहेरून मागवू" हे आता विसरा. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० केलं आणि २०२३ साली ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. देशी खेळण्यांचं भलं व्हावं म्हणून हे केलं, होवो बापडं. पण आपल्यापुरता अर्थ असा, की न्हावा-शेवाला उतरणारी जहाजं उलव्यावरून जाताना दिसतात, त्यातला दोनशे रुपयांचा गिअर मात्र दिसत नाही. म्हणून गाडी निवडायची माझी परीक्षा एकच. विकणाऱ्याला फोन करा आणि विचारा, "पुढचा ए-आर्म, स्टिअरिंगचा सर्वो आणि स्पर गिअर, हे तीन भाग आज दुकानात आहेत का? किंमत काय?" तो किंमत सांगू लागला तर गाडीबद्दल पुढे बोला. "सर, गाडी एकदम मजबूत आहे, तुटतच नाही" म्हणाला तर फोन ठेवा. माझ्या निळ्या गाडीच्या विक्रेत्याने मला हेच सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात सर्वो जळला आणि त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

उरलेलं भराभर. फ्रीक्वेन्सी २.४ गिगाहर्ट्झची घ्या, या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे २००५ पासून परवाना लागत नाही आणि दोन गाड्या शेजारी चालवल्या तरी एकमेकींना त्रास देत नाहीत. लिपो बॅटरी असेल तर एका सेलला ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका, ठेवताना ३.८ च्या आसपास ठेवा आणि चार्जिंगला लावून झोपू नका. एवढी शिस्त जमणार नसेल तर निकेल मेटल हायड्राइड बरी, जड आणि मंद, पण क्षमाशील. पावसाळ्यात गाडी माळ्यावर टाका. पाण्याने मोटर लगेच मरत नाही, बेअरिंगं मात्र गंजतात, आणि आपली खाडीची हवा त्यांना तशीही सोडत नाही.

राहता राहिला "खेळणं काय घेतोस, वय काय तुझं" म्हणणारा वर्ग. माझा रूममेट मेकॅनिकलचा बी.ई. आहे, फर्स्ट क्लास. चार वर्षांत त्याने डिफरेन्शियलची आकृती किमान दहा वेळा काढली, आणि मग कँपसमधून येऊन जावा लिहायला बसला, आपल्यासारखाच. गेल्या पावसाळ्यात माझ्या दुसऱ्या गाडीचं (साधी, ब्रशवाली, बेडकासारखी) डिफरेन्शियल मोडलं तेव्हा आम्ही ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरून उघडलं. चार छोटे बेव्हल गिअर, थोडं ग्रीस. एक चाक फिरवलं आणि दुसरं उलटं फिरताना बघून हा माणूस पाच मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "च्यायला, हे असं असतं होय!" आयुष्यात पहिल्यांदा त्याने डिफरेन्शियल हातात धरलं होतं. डिग्रीनंतर सहा वर्षांनी. साठच्या स्पीडवाली, न उघडणारी, मोडली की फेकायची गाडी घेतली असती तर तेही झालं नसतं. मला राग येतो तो याचा. आपण स्पेसिफिकेशन वाचणारे इंजिनीअर झालोय, स्क्रूड्रायव्हर धरणारे नाही, आणि खेळणंसुद्धा स्पेसिफिकेशन वाचूनच घेतो.

हापिसातल्या तिसऱ्या माणसाने शेवटी फोन केला. चार दुकानदारांपैकी तिघांना स्पर गिअर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. चौथ्याने किंमत सांगितली. या रविवारी तो त्याची नवी गाडी घेऊन आमच्या गल्लीत आला होता. काका गेटवरच होते, नडगीवरचा व्रण अजून दिसतो. बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "मला द्या की जरा." रिमोट दिला. पहिली फेरी मस्त गेली. दुसऱ्या फेरीत त्यांनी गाडी सेक्रेटरींच्या तुळशीच्या कुंडीवर घातली. कुंडीला काही झालं नाही, पुढचा ए-आर्म तुटला. एकशे ऐंशी रुपये. मंगळवारी कुरिअरने येतोय.