द्राक्षाला एक न्याय, कापसाला दुसरा



परळ-लालबागच्या गिरण्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर चालल्या. 1982 च्या संपानंतर त्या एकेक बंद पडल्या. फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे आणि परळच्या हॉटेलांत नाशिकची वाईन विकली जाते.

हे कसे घडले? 2001 साली सरकारने वाईन धोरण आणले, अबकारी माफ केली, निफाड तालुक्यात विंचूरला वाईन पार्क काढले. कारखाना द्राक्षाच्या शिवारात आला. कापसाच्या गळ्यात मात्र 1972 पासून एकाधिकार खरेदीचे लोढणे होते.

निफाडला कालव्याचे पाणी आहे. कोरडवाहू रानात द्राक्ष लावा, असे आम्ही म्हणत नाही. द्राक्षाला दिली ती सवलत कापूस-ज्वारीला द्या. सरकी, सूत, कापड आमच्याच गावात होऊ द्या. गिरणी मुंबईत बुडाली, शिवारात उभी राहू शकते.