वारल्यांवरील दरोडेखोरीचा आरोप

संपादक महाशयांस,

डहाणू-तलासरीकडील रस्त्यांवरच्या वाटमारीचे मूळ वारली आदिवासींच्या जुन्या 'बंडा'त शोधणारे जे पत्र आपल्या गेल्या अंकात प्रसिद्ध झाले, त्याने मनाला फार क्लेश झाले, म्हणून हा प्रतिवाद.

पत्रलेखक ज्याला बंड म्हणतात, ते १९४५ साली, वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नापुरते कर्ज काढल्याबद्दल नवराबायकोने सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबावे या लग्नगड्याच्या अमानुष चालीविरुद्ध, किसान सभेच्या झेंड्याखाली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाने उभे राहिलेले आंदोलन होते. आमच्या मुंबईच्या तबेल्यांना त्या मुलुखातून जे गवत येई, त्याच्या कापणीची वाजवी मजुरी हीही वारल्यांची मागणी होती! गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशा खोट्या आवईने धावून आलेल्या जमावावर १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. यात दरोडा कोणी घातला?

रात्रीच्या प्रवाशांना संरक्षण हवे, त्यासाठी गस्त आणि चौकीपहारा वाढवावा, हे मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु गुन्हा व्यक्तीचा असतो. जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविणारा, १८७१ पासून चालत आलेला कायदा आपण १९५२ साली रद्द केला, तो याचसाठी.

त्या पत्रातील 'लुटारू जमात' हे शब्द पुढील अंकात मागे घ्यावेत, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक जुना वाचक, शिवडी